वंशावळीतली सुटलेली रेघ

संताजी बिन म्हाळोजी घोरपडे. या नावातला ‘बिन’ हा शब्द आपण वाचताना सहज ओलांडून जातो. पण जुन्या मोडी कागदांत सगळा भार त्याच शब्दावर असे. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आले, की ती अमक्याची बायको. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, फारसी आणि पुढे उर्दू दप्तर असल्यामुळे ‘बिन’च्या जागी ‘वल्द’ येई. एखाद्याला मूलबाळ नसले, तर नावापुढे ‘लावल्द’ एवढेच लिहीत. तिथे ती शाखा संपली.

हे शब्द लहान, पण त्यांचा गुण मोठा. कागद कितीदाही नकलून घ्या, मुलगा बापापासून सुटत नसे, कारण नाते नावाला चिकटूनच लिहिलेले असे. वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत, तेव्हा दोन्ही पक्ष आपापला करीना मांडत. घराण्याची ही हकीकत वाक्यांतच असे: मूळ पुरुष अमुक, त्याचे लेक तीन, वडील अमुक, धाकटा अमुक. पाटीलकी कोणाची, वडीलपणाचा मान कोणाचा, हे अशाच वाक्यांवर ठरे. नाशिकचे आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये आपल्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या उतरवून ठेवत आले, तेही शब्दांत.

यासोबत दुसरी रीत होती, ती रेघेची. वर मूळ पुरुष, खाली मुले, मध्ये रेघा. पेढीनामा बहुतेक वेळा असाच काढतात. एका नजरेत सारे घराणे दिसते, ही त्याची सोय. पण एक गोष्ट इथे बदलली. नाते आता नावात उरले नाही, ते रेघेत गेले. हाताने काढलेल्या कागदावर त्याने काही बिघडत नव्हते, कारण तिथे नाव हलत नाही आणि रेघही हलत नाही.

संगणकावर मात्र दोन्ही हलतात. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येणाऱ्या लोहमार्गावर लासूर स्टेशन आहे. रेल्वेमुळे इथे बाजारपेठ वाढली आणि गावाच्या नावाला ‘स्टेशन’ कायमचे चिकटले. तिथल्या एका टायपिंगच्या दुकानात मी वंशावळ तयार होताना पाहत बसलो होतो. सहा पिढ्या, तीसेक नावे. सारे जुळत आले आणि एक राहून गेलेला चुलता आठवला. मुलाने शेजारची नावे उजवीकडे सरकवली. नावे गेली, रेघा जागच्या जागी राहिल्या. क्षणभर पुतण्या चुलत्याचा बाप होऊन बसला! गिऱ्हाईक हसले, मुलगा हसला नाही. त्याला तीसही रेघा पुन्हा जुळवायच्या होत्या.

असे का होते? पत्रे लिहिण्याच्या प्रोग्रामला नुसती अक्षरे म्हणजे वाहता मजकूर. त्याला ना कड, ना कोपरा. रेघ बांधायची तर खुंटी हवी. नाव चौकटीत घातले, की चौकटीला खुंट्या मिळतात आणि त्यांना बांधता येईल अशी वेगळ्या जातीची रेघही असते. पण ती शोधावी लागते. साधी रेघ नुसती टेकते, बांधली जात नाही. दिसायला दोन्ही सारख्याच, हीच मोठी फसगत. छापलेल्या कागदावर तर फरक कळतच नाही.

नवल असे, की ही अडचण फार पूर्वी सुटली होती. 1963 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत इव्हान सदरलँड या संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम केला. पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढायची. त्यात बिंदू हलवला, की त्याला जोडलेल्या रेघा त्याच्यामागे जात. पुढे 1992 मध्ये ‘व्हिजिओ’ हा खास आकृत्यांसाठीचा प्रोग्राम बाजारात आला. त्यात चौकटीला रेघ जोडण्याला ‘ग्लू’, म्हणजे डिंक, असेच नाव होते. पण गावच्या दुकानात असतो तो पत्रे आणि अर्ज टाईप करायचा प्रोग्राम. वंशावळही त्यातच बसवतात.

एरवी हा वैताग दुकानापुरता राहिला असता. पण 7 सप्टेंबर 2023 रोजी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुनी उर्दू आणि मोडी दप्तरे उघडली गेली. नोंद सापडली तरी ती पणजोबाची असते, अर्ज पणतूचा. मधल्या पिढ्या जोडून दाखवाव्या लागतात, त्या वंशावळीने आणि प्रतिज्ञापत्राने. म्हणजे दप्तरात ‘वल्द’ने घट्ट बांधलेली नावे आपण सोडवतो आणि संगणकावर रेघांनी पुन्हा बांधतो. माझ्या मते, आकृतीखाली तीच माहिती वाक्यांतही लिहावी. रेघ सुटली तरी वाक्य साक्षीला राहते.

आणखी एक भर या आकृतीत पडली आहे. जुन्या पेढीनाम्यांत लेकींची नावे सहसा नसत. 1994 मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून आणि 2005 मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. वारसाच्या कामासाठी काढलेल्या पेढीनाम्यात आता आत्याही असते, बहीणही असते, आणि ती हयात नसेल तर तिची मुलेही. चौकटी वाढल्या, रेघा वाढल्या. कागद मात्र अजून तेवढाच आहे.