रत्नदुर्ग आणि रत्नागिरीचे मत्स्यालय : सागरी इतिहासाच्या अध्यापनातील एक तुटलेला दुवा

प्रस्तावना

माणदेशातील आटपाडी हा अवर्षणप्रवण तालुका आहे. येथील विद्यार्थ्याला समुद्राचे प्रथम दर्शन घडते ते बहुधा महाविद्यालयाच्या अभ्याससहलीत. अशा सहलींमध्ये रत्नागिरीचा रत्नदुर्ग व तेथील मत्स्यालय ही दोन्ही स्थळे एकाच दिवसात पाहिली जातात. मात्र किल्ला इतिहास विभागाचा आणि मासे प्राणिशास्त्र विभागाचे, अशी वाटणी मनोमन झालेली असते. ही वाटणी मराठ्यांच्या आरमारी इतिहासाच्या आकलनास कशी बाधक ठरते, हे प्रस्तुत निबंधात १७३३ च्या जंजिरा मोहिमेच्या आधारे मांडले आहे.

१. रत्नदुर्ग

बहामनी काळात उभारलेला हा किल्ला पुढे आदिलशाहीत गेला व १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. त्यानंतर आंग्रे व पेशवे यांच्याकडून तो १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. घोड्याच्या नालेसारखा आकार असलेल्या या किल्ल्यास तीन बाजूंनी समुद्राचा वेढा आहे. भगवती देवीचे मंदिर असलेला बालेकिल्ला, दीपगृहाची टेकडी आणि पेठ असे त्याचे तीन भाग आहेत. तटावरून खाली पाहिले असता मिरकरवाडा बंदरातील मासेमारी नौकांची गर्दी दृष्टीस पडते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तटबंदीइतकेच या बंदराकडेही पाहिले पाहिजे.

२. मत्स्यालय व सागरी संग्रहालय

रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ मध्ये सुरू झाले. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. केंद्राच्या मत्स्यालयात जिवंत मासे आणि संग्रहालयात जतन केलेले सागरी जीवांचे नमुने पाहावयास मिळतात. तेथील देवमाशाच्या प्रचंड सांगाड्यापुढे प्रत्येक विद्यार्थी थबकतो. हे दालन निसर्गाचे आहे, इतिहासाचे नव्हे, असा समज येथे दृढ होतो. वस्तुतः मासे कोठे व केव्हा मिळतात, वारा कधी फिरतो, खडक कोठे दडले आहेत, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या कोळी, भंडारी, गाबीत, खारवी व दालदी समाजांतूनच आरमाराला खलाशी लाभले. तटावरच्या तोफांइतकेच त्यांचे हे ज्ञानही आरमाराचे बळ होते.

३. आज्ञापत्रातील सागरी दृष्टी

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात या ज्ञानाला राज्यकारभाराचे रूप मिळालेले दिसते. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्यात पुढील दंडक घातले आहेत. समुद्र खवळण्यापूर्वीच गलबते किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात छावणीस न्यावीत. दरवर्षी एकाच बंदरात छावणी करून तेथील रयतेस उपद्रव देऊ नये. गलबतांसाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत. ऋतू, लाकूड आणि रयत या तिन्हींचा विचार येथे एकत्र झाला आहे.

४. जंजिरा मोहीम, १७३३

या विचाराची कसोटी लवकरच लागली. १७३३ मध्ये सिद्दीच्या घरातील वारसाकलहाची संधी साधून शाहू महाराजांनी मोहीम काढली. पहिले बाजीराव मे महिन्यात राजपुरीस पोहोचले. ८ जून रोजी श्रीपतराव प्रतिनिधींच्या माणसांनी रायगड घेतला. जमिनीवरील हे यश मोठे होते, परंतु त्याने पेशवे व प्रतिनिधी यांच्यातील चुरस वाढली. जंजिरा पाण्यात होता आणि त्याची रसद समुद्रमार्गाने येत होती. ती तोडण्यासाठी आंग्र्यांचे आरमार हवे होते, पण पावसाळा तोंडावर आला होता. मुंबईकर इंग्रजांचा सिद्दीला पाठिंबा होता. ऑगस्टमध्ये सरखेल सेखोजी आंग्रे मरण पावले. वर्षअखेर बाजीराव तह करून परतले. जंजिरा अजिंक्यच राहिला.

या अपयशाची कारणे अनेक आहेत. तथापि घाटावरचे मोहिमेचे वेळापत्रक आणि समुद्राचे वेळापत्रक यांचा मेळ बसला नाही, हे त्यांतील दुर्लक्षित कारण होय. पुढे १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांना नमविण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. एका सरदाराचा बंदोबस्त करताना समुद्रावरील आपले बळ नष्ट होते, याचे भान तेव्हाही राहिले नाही.

५. आटपाडीचा संबंध

हा इतिहास आटपाडीला परका नाही. आटपाडी महाल १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता आणि औंधचे अधिपती याच प्रतिनिधी घराण्यातील होते. रायगड घेणारे, पण जंजिऱ्यापुढे थांबलेले हे घराणे येथल्या विद्यार्थ्याच्या स्थानिक इतिहासाचा भाग आहे. शिवाय पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या माणदेशी शेतकऱ्याच्या मुलाला वाऱ्याच्या लहरीवर जगणारा खलाशी समजावून सांगणे अवघड नाही. एकाचा हंगाम पावसाने सुरू होतो, तर दुसऱ्याचा पावसाने थांबतो, एवढाच भेद.

निष्कर्ष

अभ्याससहलीत मत्स्यालय आधी व किल्ला नंतर पाहावा, मिरकरवाडा बंदरात मच्छीमारांशी संवाद घडवून आणावा आणि इतिहास व प्राणिशास्त्र विभागांनी सहलीचे टिपण संयुक्तपणे तयार करावे. यास वेगळा खर्च लागत नाही. २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग व खांदेरी हे सागरी किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तटबंदीचे जतन त्यामुळे सुकर होईल, परंतु समुद्राच्या ज्ञानाचे जतन यादीने होत नाही. ते ज्ञान बाजूला ठेवून शिकविलेला आरमाराचा इतिहास अपुराच राहील.