सागरी शैवलांद्वारे जड धातूंचे निष्कासन

प्रदूषित किनारी जलातील शिसे, कॅडमियम, तांबे इत्यादी जड धातू सागरी शैवलांच्या जिवंत वा मृत द्रव्यावर बद्ध करून काढून टाकण्याची पद्धती (पहा : जलप्रदूषण). रसायनशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड यांनी १८८१ मध्ये शोधलेले अल्जिनिक अम्ल तपकिरी शैवलांच्या (पहा : शैवले) कोशिकाभित्तीत विपुल असून, त्यातील कार्बॉक्सिल गट कॅल्शियमादी आयन सोडून त्यांच्या जागी जड धातूंचे आयन धरतात; ही क्रिया मुख्यत्वे आयन-विनिमयाची असल्याने शैवल मृत असले तरी ती अडत नाही. ॲस्कोफायलम नोडोसम या तपकिरी शैवलाच्या एक ग्रॅम शुष्क द्रव्यावर १०० मिग्रॅ.हून अधिक कॅडमियम बसते, असे मॅकगिल विद्यापीठातील व्होलेस्की प्रभृतींनी १९९३ मध्ये दाखविले. विरल अम्लाने हा बद्ध धातू पुन्हा सुटतो. मात्र समुद्रजलातील कॅल्शियम-मॅग्नेशियमाच्या स्पर्धेमुळे तेथे शोषण घटते. कोकण किनाऱ्यावरील सरगॅसम हेही तपकिरी शैवल आहे. धातुयुक्त शैवल अन्न अथवा खत म्हणून अर्थातच वर्ज्य ठरते.