‘हे खरे आहे काय?’

विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड चाळू लागले की एक वाक्य पानोपानी भेटते : ‘हे खरे आहे काय?’ त्याच्या पाठोपाठ दुसरे येते : ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे?’ आणि शेवटी तिसरे : ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ या तीन वाक्यांत अलंकार नाही, आवेश नाही, शिवी तर नाहीच नाही. तरीही राज्य चालविणाऱ्या माणसाला उभे करून बोलते करण्याचे जे बळ त्यांत आहे, ते पुष्कळदा आमच्या दहा मोर्च्यांतही नसते. हे आम्ही तीस वर्षे मोर्चेच काढीत आल्यानंतर सांगत आहो, म्हणून श्रोत्यांनी ते ऐकून घ्यावे.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि गावच्या वाचनालयातील बाकावर. त्या वाचनालयात विधानसभेच्या चर्चांचे काही खंड धूळ खात पडले होते. वर्तमानपत्र दुसऱ्याच्या हाती असले की आम्ही ते खंड उघडून बसत असू. अशा फावल्या वेळात लागलेले हे वेड आहे. लोकांच्या पैशाने चालणाऱ्या सोयींविषयी आणि हाताला कसब देणाऱ्या शिक्षणाविषयी सरकारला जाब विचारण्याचा हक्क आपल्याकडे कसा आला, आणि तो कशाने जिवंत राहतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रश्नाचा हक्क येण्यापूर्वी गरिबाजवळ एकच साधन होते : अर्ज. १८८२ साली हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या श्रमाने, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांनी त्यात रोखठोक मांडले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, आणि खेड्यातील शाळांना लहानसे नमुना-शेत जोडून मुलांना उपयोगाचे प्रत्यक्ष शिक्षण द्यावे, असेही त्यांनी सुचविले. आज ‘कौशल्य शिक्षण’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. त्याचा हा आपल्याकडील एक जुना उच्चार. पुढे दोनच वर्षांनी, १८८४ च्या सप्टेंबरात, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्यास वेतन, अशा त्यातील मागण्या. रविवारची सुटी मिळावयास १८९० चा जून महिना उजाडला.

अर्जाचे एक वैगुण्य आहे. अर्ज घेणाऱ्यावर उत्तर देण्याचे बंधन नसते. तो फडताळात गेला की गेला. प्रश्नाचे तसे नाही. प्रश्न सभागृहात विचारला की उत्तर द्यावे लागते, आणि ते खोटे ठरले तर ते छापील राहते. हा फरक त्या काळच्या पुढाऱ्यांनी नेमका ओळखला होता. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस गोवालिया टँकजवळ राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मांडलेल्या ठरावात कायदे कौन्सिलांच्या विस्ताराबरोबर सरकारला प्रश्न विचारण्याच्या हक्काचीही मागणी होती.

तो हक्क एकदम मिळाला नाही. कारखान्यात पगारवाढ मिळावी तसा हप्त्याहप्त्याने मिळाला. १८६१ च्या कायद्याने बसविलेल्या कौन्सिलांत सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. १८९२ च्या कायद्याने ती दिली. पण आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारावयाचा, आणि उत्तर आले की खाली बसावयाचे. उत्तरावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही. १९०९ च्या सुधारणांत उपप्रश्न आला, पण तो ज्याने मूळ प्रश्न केला त्यानेच विचारावा असा निर्बंध होता. १९१९ च्या कायद्यानंतर कोणत्याही सभासदास उपप्रश्न करण्याची वाट मोकळी झाली. वरवर पाहता या बारीकसारीक बाबी वाटतात. वस्तुतः सारे मर्म त्यांतच आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत बसून कारकून लिहितो. उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्याला स्वतःच्या तोंडाने द्यावे लागते, आणि त्याला ते खाते माहीत आहे की नाही हे तेथेच कळते.

या अपुऱ्या हत्यारानेही मोठी कामे झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली वरिष्ठ कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १९११ च्या मार्चमध्ये त्याचे विधेयक आणले. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कौन्सिलात सरकारी मतांचा भरणा असताना दुसरे काय व्हावयाचे होते? परंतु हरलेला प्रश्न मरत नाही, जर तो नेमका विचारला गेला असेल तर. १९१८ साली मुंबई कौन्सिलात विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकाने नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला. गोखले त्यापूर्वी तीन वर्षे निवर्तले होते.

याच्या उलट दुसरे उदाहरण आहे, आणि आम्हां कामगारांना ते अधिक शिकविते. कामगारांचे एक जुने पुढारी सीताराम केशव बोले हे मुंबई कौन्सिलाचे सभासद होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सरकारने त्यावर आदेशही काढला. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सारे झाले. पण तळ्याच्या काठी काही झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, त्यांनी पाणी हाती घेतले, तेव्हा त्या ठरावाला प्राण आला; आणि त्या दिवशी लोकांनी मारही खाल्ला. पुढे कज्जा चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे! सभागृहातले ‘होय’ आणि पाणवठ्यावरचे ‘होय’ यांत एवढे अंतर असते. ते अंतर माणसांनी चालून काढावे लागते.

दिल्लीच्या सभागृहात कामगारांसाठी हे काम वर्षानुवर्षे केले ते नारायण मल्हार जोशी यांनी. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा हा गृहस्थ भारत सेवक समाजाचा सेवक. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि तिच्या द्वारे कामगार वस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविली. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नेमलेले प्रतिनिधी म्हणून बसू लागले. कामगारांना तेव्हा मतच नव्हते, मग निवडून कोण देणार? पाठीशी पक्ष नाही, मते नाहीत. हाती केवळ माहिती. १९२१ च्या मार्चमध्येच त्यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव आणला, आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. आज आमच्या युनियनच्या कपाटात नोंदणीचे जे प्रमाणपत्र आहे, त्याचे मूळ त्या ठरावात आहे. जोशी यांना मोठा वक्ता कोणी म्हणत नसे. पण ज्याने चाळीतील खोली आणि रात्रशाळेतील कंदील पाहिला आहे, त्याचा प्रश्न ऐकीव माहितीवर उभा नसतो.

आणि इतिहासाने एक विलक्षण योग घडवून आणला. १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. ज्यांनी मुंबई कौन्सिलात सरकारला धारेवर धरले, ते आता उत्तरे देण्याच्या बाकावर बसले, आणि समोर जोशी होते. युद्धासाठी कुशल कारागीर हवे म्हणून १९४० मध्ये सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली होती; तीही आता बाबासाहेबांच्या खात्याकडे होती आणि तिच्याविषयीचे प्रश्न त्यांच्यापुढे येत. कोळशाच्या खाणींत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावरील बंदी १९४३ मध्ये सरकारने युद्धाच्या निकडीने उठविली, तेव्हा १९४४ च्या फेब्रुवारीत सभागृहाने तिचा जाब मागितला, आणि तो देणे बाबासाहेबांना भाग पडले. १९४६ च्या फेब्रुवारीपासून ती बंदी पुन्हा लागू झाली. आपला माणूस मंत्री झाला म्हणून प्रश्न थांबवावयाचे नसतात. उलट आपल्या माणसाला चांगला प्रश्न विचारणे हे त्याच्यावर उपकार करण्यासारखे असते. कारण त्या उत्तराच्या बळावर तो आपल्याच सरकारात भांडू शकतो.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये निघाली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपले आय. टी. आय., उभे राहिले. १९५६ च्या नोव्हेंबरात त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला, आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आय. टी. आय. आहेत. म्हणजे जोतीरावांचे नमुना-शेत आता तालुक्यातालुक्यात आहे. फक्त त्यात पीक येते की नाही, हे विचारणारा हवा.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती फुशारकीची नाही. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत टर्नरच्या वर्गासाठी नवी लेथ यंत्रे आली आणि खोक्यांतच राहिली. कारण त्यांना लागणारी थ्री-फेज वीज घेतलेलीच नव्हती. दोन तुकड्या फळ्यावर लेथ काढून शिकल्या आणि प्रमाणपत्रे घेऊन बाहेर पडल्या. ती मुले कारखान्याच्या फाटकावर आली, तेव्हा त्यांना टूल पोस्टात टूल बांधता येईना. आम्ही अर्ज दिले, धरणे धरले. शेवटी एका आमदारांकडे गेलो. ते म्हणाले, ‘लिहून द्या.’ आम्ही तीन पाने अन्याय लिहून नेला. त्यांच्याकडील एका वृद्ध मदतनिसाने तो वाचला आणि म्हणाला, ‘दादा, यात राग पुष्कळ आहे, तारीख एकही नाही.’ यंत्रे कोणत्या दिवशी आली, विजेचा अर्ज केव्हा केला, पैसे कोणाकडे अडले, हे आणा म्हणाला. ते गोळा करावयास आम्हांला दोन महिने लागले.

पहिल्या वेळी प्रश्न यादीत खाली राहिला. तास संपला, आणि उत्तर नुसते पटलावर ठेवले गेले : ‘हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे.’ उपप्रश्नाची संधीच गेली. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न तारखांसह पुन्हा गेला, आणि उत्तराच्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात वीज आली! आम्ही पेढे वाटले.

पेढे वाटताना त्या दोन तुकड्यांतला एक मुलगा फाटकाशी उभा होता. त्याने पेढा घेतला आणि विचारले, ‘काका, आमचं काय?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रश्नात यंत्रांचे कलम होते, विजेचे होते, विलंबाचे होते. वाया गेलेल्या मुलांना पुन्हा शिकविणार काय, हे कलम नव्हते. ते सरकारने गाळले नाही. ते आमच्याच हातून राहिले. तो आज एका गोदामात माल चढवितो. त्याच्या प्रमाणपत्रावर ‘टर्नर’ असे लिहिलेले आहे.

तेव्हापासून आम्ही अशी उत्तरे वेगळ्या डोळ्याने वाचतो. २०१४ नंतर केंद्रात कौशल्य विकासाचे स्वतंत्र मंत्रालय झाले, योजना वाढल्या, आकडे वाढले. उत्तरात येते ते प्रशिक्षण घेतलेल्यांची संख्या. ती खोटी असेल असे आम्ही म्हणत नाही. पण आमचे दोन वर्गही अशाच कोणत्या तरी संख्येत मोजले गेले असतील. म्हणून प्रश्न असा हवा : शिकलेल्यांपैकी किती जण त्याच धंद्यात कामाला लागले, किती वेतनावर, आणि वर्षाने किती टिकले? दवाखान्याविषयी विचारावयाचे तर इमारत किती खर्चाची हे नको. रात्री तेथे कोण असते हे हवे.

हे हत्यार आपोआप धारदार राहत नाही. २०२० च्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला. लेखी उत्तरे मिळत राहिली, पण उपप्रश्न गेला. म्हणजे तेवढ्या दिवसांपुरते आपण १८९२ सालात जाऊन बसलो होतो. त्याची हळहळ किती लोकांना वाटली? आमच्या युनियनच्या सभेत तर हा विषय निघालाही नाही, हेही कबूल केले पाहिजे.

श्रोतेहो, प्रश्न सभागृहात विचारला जातो, पण तो तयार होतो बाहेर : चाळीत, फाटकावर, नळाच्या रांगेत, वर्गाच्या शेवटच्या बाकावर. आमदाराला दोष देणे सोपे आहे; त्याच्या हातात तारीख, नाव आणि आकडा नेऊन देणे कष्टाचे आहे. आपल्या गावच्या दवाखान्याविषयी, शाळेविषयी, प्रशिक्षण संस्थेविषयी आपण एवढे केले पाहिजे. आणि कागद पाठविण्यापूर्वी, ज्याच्यासाठी तो लिहिला आहे त्याला एकदा वाचून दाखवून विचारावे : बाबा, यात तुझे काही राहिले नाही ना?