शिबिरातली बोली

पाचगणी म्हटले की निवासी शाळा आठवतात. इथे मुले आईबापांनी हौसेने पाठवलेली असतात. अमेरिकेत मात्र निवासी शाळा बोली मोडण्यासाठीही चालवल्या गेल्या. १८७९ साली उघडलेल्या कार्लाईलच्या शाळेत लाकोटा मुलांचे केस कापले गेले, मायबोलीवर बंदी आली. आज त्याच लोकांची मुले उन्हाळी शिबिरांत लाकोटा-डाकोटा बोली नि गाणी शिकतात.

आपल्याकडेही शिबिरांची परंपरा आहे. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने जातधर्म न विचारता मुलांना लेझीम नि समूहगीते शिकवली. वसंत बापटांसारखे कवी त्याच्या कलापथकात रमले. गाण्यातून आलेली भाषा मुलांच्या तोंडी बसते, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

माझ्या दारात मराठी, घरात दखनी. मी कविता मराठीत लिहितो, पण आई रागावायची ती दखनीत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' याच दखनीत रचली. तिच्यावर बंदी कुणी घातली नाही. तरी आमच्या नातवंडांच्या तोंडून ती निसटते आहे. तिच्यासाठी आठवडाभराचे शिबिर भरवायला काय हरकत आहे? आजीच्या कहाण्या अजून शिल्लक आहेत.