काजू प्रक्रिया उद्योगातील कामगार सुरक्षा

काजू प्रक्रिया उद्योगातील कामगार सुरक्षा म्हणजे काजूच्या बीमधून खाण्यायोग्य गर काढताना कामगारांना होणाऱ्या इजा व विकार टाळण्यासाठी घ्यावयाची दक्षता होय. महाराष्ट्रात कोकणाप्रमाणेच कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील चंदगड, आजरा व गडहिंग्लज तालुक्यांत हा उद्योग चालतो. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव याच परिसरात आहे. बी फोडणे, साल काढणे व प्रतवारी करणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात.

टरफलाच्या तेलाचा धोका

काजूच्या टरफलात दाहक तेल असते. ॲनाकार्डिक आम्ल व कार्डोल हे त्यातील त्वचेला अपायकारक घटक होत. काजू, आंबा व बिब्बा या वनस्पती एकाच कुळातील आहेत. त्यामुळे बिब्बा अंगावर उततो, तसेच हे तेलही उतते. मात्र ते लागताच आग होईलच असे नाही. लाली, खाज व फोड पुष्कळदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात. पहिल्या दिवशी त्रास न झाल्याने नवा कामगार निर्धास्त होतो आणि उघड्या हातांनी काम करत राहतो. म्हणून या धोक्याची माहिती काम सुरू होण्यापूर्वीच मिळणे आवश्यक असते.

प्रक्रियेतील इतर धोके

बी वाफवताना वाफेने व गरम भांड्यांनी भाजण्याचा संभव असतो. हातापायांनी चालवायच्या यंत्रावर बी फोडताना पात्यात बोटे सापडू शकतात. बी भाजण्याच्या जुन्या पद्धतीत, तसेच टरफले इंधन म्हणून जाळताना निघणारा धूर डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रासदायक असतो. तासन्‌तास एकाच स्थितीत बसल्याने पाठ व मान दुखते.

नव्या कामगारांसाठी दक्षता

फाटलेले हातमोजे वापरू नयेत. पदर, ओढणी व केस बांधून ठेवावेत. यंत्रात अडकलेली बी यंत्र थांबवूनच काढावी. काम करताना डोळे व चेहरा चोळू नये आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. हे तेल पाण्यात विरघळत नाही; म्हणून ते प्रथम कोरड्या फडक्याने टिपावे व नंतर साबण आणि पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

मजुरीचा परिणाम

अनेक ठिकाणी मजुरी किलोवर मिळते. हातमोज्यांमुळे बी पकडताना वेग कमी होतो, म्हणून कामगार ते काढून ठेवतात आणि हातांना खाद्यतेल किंवा राख लावतात. या उपायाने पूर्ण संरक्षण मिळत नाही. केवळ हातमोजे वाटून हा प्रश्न सुटत नाही. ते मापाचे असणे व शिकाऊ काळात वेगाची सक्ती नसणे हेही महत्त्वाचे ठरते.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये यंत्रांना संरक्षक आवरण घालण्याची व कामगारांना प्रशिक्षण देण्याची तरतूद होती. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीनुसार सुरक्षेविषयी माहिती, प्रशिक्षण व नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य असून, अशी माहिती मागण्याचा कामगारास हक्क आहे. संहिता सर्वसाधारणपणे १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू असल्याने घरगुती व अतिलहान घटकांतील कामगार बहुतांशी तिच्या कक्षेबाहेर राहतात.