‘गडबडीत आलं’ : १९४८ सालचा एक शब्द

आमच्या घरी तांब्याचे एक मोठे घंगाळ आहे. त्याच्या काठाखाली उर्दू अक्षरांत एक नाव कोरलेले आहे. जालना आणि अंबड यांच्या दरम्यानच्या ज्या खेड्यात माझे लहानपण गेले, तिथल्या न्हाणीत ते असे. ‘हे कुणाचं?’ असे एकदा आजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘गडबडीत आलं ते.’ त्यावर पुढे काही विचारायची सोय नव्हती. मी उर्दू वाचायला शिकलो तेव्हा चाळिशी उलटली होती. मग ते नाव वाचता आले.

‘गडबड’ म्हणजे सप्टेंबर १९४८ नंतरचे दिवस. त्याआधीच्या काळाला आजी ‘रझाकारी’ म्हणे आणि त्याबद्दल ती अगदी स्पष्ट बोले. रझाकारांनी कडब्याची गंजी जाळली, रझाकारांनी ज्वारी नेली, तिच्या मामाला मारले. प्रत्येक वाक्यात कर्ता असे. गडबडीपाशी आली की कर्ता नाहीसा होई. वस्तू ‘आल्या’, घरे ‘ओस पडली’, माणसे ‘गेली’. मराठवाड्यातील वृद्धांशी गेली अनेक वर्षे बोलतो आहे. असा फरक मला कितीतरी घरांत ऐकू आला.

घटनाक्रम वाचकांना परिचित आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. औरंगाबाद घेतल्यावर गुरख्यांची एक तुकडी जालन्यात ठेवून सैन्य लातूरकडे सरकले. १७ तारखेला निजामाने हार मानली. रणगाडे आणि विमाने वापरलेल्या या मोहिमेचे लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’ होते. जगापुढे मात्र तिला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले. त्याला कारण होते. निजामाने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. युद्ध म्हटले असते तर हैदराबाद हे परराष्ट्र ठरले असते.

या शब्दाला थोडा पूर्वेतिहास आहे. जुलै १९४७ मध्ये डच सैन्याने इंडोनेशियावर हल्ला केला आणि त्यालाही ‘पोलीस कारवाई’च म्हटले. तेव्हा भारताने आणि ऑस्ट्रेलियाने तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला होता. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत तोच शब्द आपण वापरला. दोन प्रसंग सारखे नव्हते. डच आपली वसाहत परत मिळवू पाहत होते. इथे निजामाच्या राजवटीतून सुटका व्हावी ही बहुसंख्य प्रजेची इच्छा होती आणि त्यासाठी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तुरुंग भोगले होते. जालन्याचे जनार्दन मामा नागापूरकर यांच्यासारख्यांनी प्राण दिले. पण ‘पोलीस’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात गुन्हेगार आणि शिपाई एवढीच दोन पात्रे उरतात. तिसरे, म्हणजे काहीही न केलेला माणूस, त्या शब्दात मावत नाही.

त्या तिसऱ्या माणसाची चौकशी मात्र झाली होती. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी संस्थानातल्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरून साक्षी घेतल्या. त्यांच्या अंदाजाने कारवाईच्या काळात आणि नंतर २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक. त्यानंतरच्या चार जिल्ह्यांत, जिथे किमान ५,००० बळी गेले असे ते म्हणतात, औरंगाबाद आहे. जालना जिल्हा १९८१ साली झाला. परतूरकडचा भाग सोडला तर तो तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातलाच. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

यावर मला नेहमी विचारले जाते, ‘मग रझाकारांचे काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच अहवालात आहे. रझाकार गावागावांतून खंडणी कशी घेत आणि न दिल्यास लूट कशी करीत, हे त्यात लिहिलेले आहे. सूड घेणाऱ्यांत रझाकारांनी छळलेले लोक होते आणि संस्थानाबाहेरून आलेल्या टोळ्याही होत्या, हेही त्यात आहे. काही ठिकाणी सैनिकांचा सहभाग होता, हे सांगायलाही तो कचरत नाही. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, याचीही नोंद आहे. म्हणजे प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे, चांगल्याही आणि वाईटही.

एका बाजूचे गुन्हे सांगितले म्हणजे दुसऱ्या बाजूचे माफ होतात, हा समज त्या काळीही घातक ठरला. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होते. विलीनीकरणाच्या बाजूने लिहितात म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. ‘मुसलमान म्हणजे रझाकार’ हे समीकरण त्यांच्या मृत्यूने खोटे ठरवले होते. महिन्याभरात खेड्यापाड्यांत त्याच समीकरणावर माणसे मारली गेली. आजही प्रचारसभेत विरोधकाला सहज रझाकार म्हटले जाते. टाळ्या पडतात. ज्यांनी खरी रझाकारी सोसली, त्यांच्या दुःखाचीही त्यात स्वस्ताई होते.

नेदरलँड्सच्या पंतप्रधानांनी २०२२ साली इंडोनेशियातील हिंसेबद्दल माफी मागितली. त्याआधी इतिहासकारांच्या संशोधनाने ती हिंसा सौम्य शब्दांतून बाहेर काढली होती. आपल्याकडे १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते. ते व्हावेच, मीही जातो. मुक्ती खरी होती. पण तिच्याबरोबर जे झाले तेही सांगण्याइतकी ती आता जुनी आणि पक्की झाली आहे.

आजी गेल्यानंतर मोठ्या चुलत्यांना मी घंगाळाबद्दल पुन्हा विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बाबांनी आणलं. शेजारचं घर उघडं पडलं होतं. सगळेच नेत होते.’ त्या घरातली माणसे कुठे गेली, हे त्यांना सांगता आले नाही. गावात त्यांचे कुणी नाही. मी कोरलेले नाव आणि चुलत्यांचे वाक्य वहीत उतरवून घेतले. ‘घंगाळ आजोबांनी आणले’ असे लिहिताना हात अडखळला. ज्या आजोबांच्या मांडीवर मी वाढलो, तेच हे आजोबा.

त्या काळचे साक्षीदार आता नव्वदीच्या आसपास आहेत. वाचकांच्या घरात असे कुणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याशेजारी बसावे. ‘काय झालं?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कुणी केलं?’ हेही विचारावे, आणि उत्तरात आपल्याच घरातले नाव आले तरी ते लिहून ठेवावे.