गादीला ऊन का दाखवायचं? दसऱ्याच्या धुण्यापासून लायडनपर्यंत

सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, चोंदलेलं नाक, किंवा मुलाला पहाटे खोकल्याची उबळ, असं कोणी सांगितलं की मी गादीची चौकशी करतो. कशाची आहे, किती वर्षांची आहे, शेवटचं ऊन कधी दाखवलं? बहुतेकांना या प्रश्नाचं नवल वाटतं. तुमच्या आजीला मात्र वाटलं नसतं.

आपल्या कोल्हापूर भागात नवरात्राआधी 'दसरा काढायची' पद्धत आहे. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण, वाकळा, चादरी बाहेर काढून पंचगंगेवर किंवा जवळच्या ओढ्या-विहिरीवर धुवायच्या. कापसाची गादी धुता येत नाही, म्हणून ती गच्चीवर नाहीतर अंगणात दिवसभर उन्हात टाकायची आणि काठीनं बडवायची. काही वर्षांनी कापसाचे गठ्ठे झाले की पिंजारी, म्हणजे आपल्याकडचे नदाफ, यायचे. शिवण उसवून कापूस बाहेर काढायचा आणि धनुष्यासारख्या पिंजणीच्या तातेवर तो फुलवायचा. त्या तातेचा आवाज पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. जुनाच कापूस नव्या खोळीत भरला की गादी पुन्हा उभारी धरायची.

त्या कामाची किंमत पिंजाऱ्यांच्या छातीनं मोजली, हेही सांगायला हवं. इटलीतले डॉक्टर रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात ताग आणि अंबाडीसारखे धागे विंचरणाऱ्यांच्या खोकल्याची आणि दम्याची नोंद आहे. कापसाच्या धुळीमुळे गिरणी कामगारांना होणारा असाच आजार पुढे सगळ्या जगाला माहीत झाला.

घरातल्या धुळीनं दमा बळावतो हेही डॉक्टरांना बरंच आधी दिसलं होतं. १९२१ मध्ये अमेरिकेत कर्न यांनी दमेकऱ्यांच्या त्वचेवर त्यांच्याच घरच्या धुळीचा अर्क टोचून पाहिला, आणि गांधी उठल्या. पण धुळीत नेमकं काय आहे हे पुढची चाळीस-एक वर्षं कोडंच राहिलं. नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये उत्तर सुचवलं: धुळीतले सूक्ष्म किडे. हा डस्ट माइट सुमारे पाव-एक मिलिमीटरचा असतो. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो आणि पाणी हवेतल्या दमटपणातून शोषतो. १९८१ पर्यंत हेही कळलं की मुख्य त्रास त्याच्या विष्ठेच्या कणांचा आहे. झोपेत कूस बदलली की हे कण उडतात आणि नाकात जातात.

आता कोल्हापूरचा पाऊस डोळ्यांसमोर आणा. जून ते सप्टेंबर दमट हवा, ऊब आणि कोंडा हे तिन्ही गादीत एकत्र येतात. त्यामुळे पावसाळा सरताच दसरा काढणं वेळेच्या दृष्टीनं अगदी योग्य होतं. पूर्वजांना माइट माहीत होता असं मी म्हणणार नाही. त्यांना कुबट वास माहीत होता, तेवढं पुरेसं होतं. सिडनीतल्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की कडक उन्हात उलट्या पसरलेल्या गालिच्यातले माइट मरतात. जाड गादीच्या आत मात्र ऊन तितकं पोचत नाही. शिवाय माइट मेले तरी विष्ठा तिथेच राहते, म्हणून ऊन दाखवल्यावर बडवणंही हवं. हे काम दमेकऱ्यानं करू नये, आणि करणाऱ्यानं तोंडा-नाकाला फडकं बांधावं.

फोमची गादी आली आणि हे सगळं थांबलं, कारण तिला पिंजारी लागत नाही. ती रोज कडक उन्हात टाकू नका, फोम कडक होऊन भुगा होतो. आठवड्यातून एकदा खिडकीशी उभी करून पंख्याची हवा द्या, दर दोन-तीन महिन्यांनी उलटा-पालटा. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, साठ अंशांपर्यंत, धुवा. उठल्याबरोबर अंथरुणावर चादर झाकून टाकू नका, रात्रीचा घाम थोडा वाळू द्या.

महागड्या 'अँटी-माइट' खोळींबद्दल बरेच जण विचारतात. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांवर अभ्यास झाला. त्यात नुसत्या खोळींनी दम्यात फरक पडला नाही. त्यामुळे खोळ आणली म्हणून इनहेलर बंद करू नका. गादी स्वच्छ ठेवणं औषधाच्या जोडीला आहे, बदली नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर अनेकांनी पाण्यात गेलेल्या गाद्या वाळवून पुन्हा वापरल्या. पैशाची अडचण मला समजते. पण गटाराचं पाणी आणि बुरशी आत मुरलेली फोमची गादी उन्हानं शुद्ध होत नाही. ती टाकून द्या, आणि नवी येईपर्यंत धुतलेल्या दोन वाकळा चटईवर अंथरून झोपा.